खुर्चीमागून पाहिलेलं २०२५: माझे आवडते गेम, क्रमानं

पुसदला शिकणाऱ्या एका पोरानं विचारलं आहे: "भाऊ, तुम्ही इतकी वर्षं गेमचं दुकान चालवून राहिले, तर २०२५ मध्ये आलेल्या गेमपैकी तुमचे आवडते कोणते ते क्रमानं सांगा. नुसती नावं नको, का आवडले तेही सांगा. आणि सुट्टीत गावी आलो की माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यातलं काय चालेल?"

आधी माझं माप सांगतो, नाहीतर क्रम पाहून हसशील. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे. पुढं कॉम्प्युटर-मोबाइल दुरुस्ती, झेरॉक्स, फॉर्म भरणं. मागच्या खोलीत टीव्हीला जोडून गेम खेळायचं एक पीएस५, एक बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्डाचा पीसी आणि काही जुने डेस्कटॉप, तासाच्या भाड्यानं. आमच्याकडं खेळणारा एक असतो आणि त्याच्या खुर्चीमागं पाच जण उभे असतात. पैसे एकाचे, अक्कल पाचांची. "अबे डावीकडून जा न", "थांब, मरशील", "एकदा मला दे". गेमचं परीक्षण लिहिणारे लोक बहुतेक हेडफोन लावून एकट्यानं खेळून लिहितात. मी वर्षभर पाहतो ते मागच्या पाचांकडं. दहा मिनिटांत ते खिशातून मोबाइल काढून रील पाहायला लागले, तर गेम कितीही गाजलेला असो, माझ्याकडं त्याचा नंबर घसरतो. आपसात भांडायला लागले, तर चढतो.

या मापानं पहिला नंबर 'ब्लू प्रिन्स'चा. एप्रिलमध्ये आला. टोंडा रॉस नावाच्या माणसानं आठ वर्षं खपून केलेला गेम आहे. गोष्ट अशी की सायमन नावाच्या मुलाला चुलत आजोबांचा अवाढव्य बंगला वारशानं मिळणार आहे, पण मृत्युपत्रात एक अट आहे. बंगल्यात खोल्या ४५. त्यातली ४६वी खोली शोधून दाखव, तर घर तुझं. घराचा नकाशा पाच बाय नऊ चौकटींचा, आणि सुरुवातीला जवळपास कोरा. दार उघडायला हात लावला की तीन खोल्यांचे पर्याय समोर येतात. एक निवडायची, ती त्या चौकटीत बसते, मग पुढचं दार. दिवसाच्या सुरुवातीला ५० पावलं मिळतात आणि प्रत्येक खोलीत शिरताना एक खर्ची पडतं. पावलं संपली किंवा रस्ता खुंटला की दिवस संपला. दुसऱ्या दिवशी घर परत कोरं.

आता हे खुर्चीमागून कसं दिसतं ते पाहा. प्रत्येक दाराशी तीन पर्याय, म्हणजे प्रत्येक दाराशी मतदान. एक म्हणतो झोपायची खोली घे, पावलं वाढतील. दुसरा म्हणतो तिला पुढं दारच नाही, आंधळी गल्ली आहे, काहून घेऊन राहिला? तिसऱ्याला किल्ली पाहिजे असते. खेळणारा नुसता माउस धरून बसलेला. मारामारी नाही, घड्याळ नाही, कोणी मागं लागलेलं नाही. म्हणून वाद घालायला वेळ आहे, आणि हे ज्यानं ठरवून केलं त्याला माझा नमस्कार.

त्यात 'पार्लर' नावाची एक खोली येते. तिथं तीन पेट्या: निळी, पांढरी, काळी. प्रत्येकीवर काहीतरी लिहिलेलं. नियम एवढाच, की निदान एका पेटीवरचं सगळं खरं, निदान एकीवरचं सगळं खोटं, आणि रत्नं एकाच पेटीत. चावी एकदाच लावता येते. एकदा सातबाऱ्याची झेरॉक्स काढायला आलेले एक काका मशीन गरम होईपर्यंत मागं येऊन उभे राहिले. पोरांनी पेट्यांवरचं इंग्रजी त्यांना मराठीत सांगितलं. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटं मोडत सुरू केलं, "निळी खरं बोलून राहिली असं धरू. मग पांढरी आपोआप खोटी पडते. पांढरी खोटी, तर काळीत काही नाही. मग राहिली कोणती?" पेटी उघडली, रत्नं निघाली. झेरॉक्स केव्हाची झाली होती, पण काका पुढच्या दोन खोल्या पाहूनच गेले. त्या गृहस्थांनी आयुष्यात कधी गेमला हात लावला नसेल. बिलियर्ड रूममधलं बाणांच्या तबकडीचं कोडं तर सरळ बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकाराचं आहे, फक्त कोणत्या रंगाचा अर्थ काय ते आपण ओळखायचं. पाचवीतली एक पोरगी ते मोठ्यांपेक्षा लवकर करते.

या गेमला वही लागते. गेममध्ये दिसलेला कोणता कागद कुठं कामी येईल याचा नेम नाही. टेबलाला दोरीनं बांधून एक शंभर पानी रजिस्टर ठेवलं होतं, त्यात आता सहा-सात जणांचं अक्षर आहे, बाणांच्या खुणा आहेत आणि एका पानावर नुसतंच मोठ्या अक्षरात "बॉयलर रूम परत पाह्य" असं लिहून ठेवलं आहे.

दोष सांगतो. खोलवरची बरीच कोडी इंग्रजी शब्दांवर आणि स्पेलिंगवर उभी आहेत. इंग्रजी कच्चं असेल तर एकट्यानं खेळून वैतागशील, बरोबर कोणीतरी घे. दुसरं, नशिबाचा भाग जास्त आहे. पाहिजे ती खोली चार-चार दिवस येत नाही. ४६वी खोली सापडल्यावरही गेम संपत नाही, त्याच्याखाली आणखी थर आहेत, पण तिथून पुढचं ज्याला वेड लागलं त्याच्यासाठी. आमच्यातले दोघं अजून त्यात आहेत. मी बाहेर पडलो.

आणखी एक अडचण आपल्याकडची. मी खेळलो तेव्हा दिवसाच्या मधोमध सेव्ह करायची सोय नव्हती. लाईट गेली की दिवस गेला. इन्व्हर्टर असूनही पीसी बंद पडतो अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडं येतात, म्हणून इथंच सांगून टाकतो. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचं बटण किंवा सेटिंग असतं. साध्या मोडमध्ये लाईनवरून बॅटरीवर जायला जो क्षण लागतो तेवढ्यात पंखा-बल्बला काही होत नाही, कॉम्प्युटर मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडला टाकलं की बदल झटकन होतो. फक्त त्या मोडमध्ये कमी व्होल्टेज चालत नाही, म्हणून रब्बीत सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या आणि व्होल्टेज पडलं की तो सारखा बॅटरीवर उडी मारतो. बॅटरी जुनी असेल तर आधी ती तपास.

दुसरा नंबर 'स्प्लिट फिक्शन'. मार्चमध्ये आला, स्वीडनच्या हेझलाइटचा. २०२१ मध्ये 'इट टेक्स टू' केला तीच मंडळी, जोसेफ फारेस त्यांचा म्होरक्या. हा गेम एकट्यानं खेळताच येत नाही, दोघंच लागतात. पडदा दोन भागांत, एकाकडं मियो, दुसऱ्याकडं झोई. दोघी लेखिका. एक विज्ञानकथा लिहिणारी, दुसरी परीकथा. एक प्रकाशन कंपनी दोघींना यंत्रात घालून त्यांच्या गोष्टी चोरायला पाहते आणि दोघी एकमेकींच्या कथांत अडकतात. गोष्ट ठीकठाक आहे, खरं सांगायचं तर जरा भाबडी आहे. पण दर अर्ध्या तासाला नवीन काहीतरी हातात येतं आणि जुनं ते लोक बिनदिक्कत फेकून देतात. दुसऱ्या कोणी असल्या एकेका कल्पनेवर अख्खा गेम ओढला असता.

यात डुकरांचा एक छोटा भाग आहे. दोन्ही खेळाडू डुक्कर होतात. एक पादून हवेत उडतो, दुसरा स्प्रिंगसारखा लांब होऊन उडी मारतो, आणि शेवटी दोघांचं काय होतं ते सांगत नाही, खाण्याशी संबंधित आहे. बाजाराच्या दिवशी कापसाची गाडी खाली करून आलेला एक शेतकरी आपल्या पोराला शोधत दुकानात आला. पोरगा नेमका उडणारं डुक्कर होऊन बसलेला, आणि त्याचा जोडीदार मध्येच उठून गेलेला. बापानं आधी ठराविक प्रश्न विचारला, "हा पैशाचा गेम तर नाही न?" ऑगस्टमध्ये केंद्रानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, तेव्हापासून हा प्रश्न जास्त येतो. आणि बरोबर आहे, गावात पत्त्यांच्या ॲपनं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. मी नाही म्हटलं. मग तो पॅड, म्हणजे गेमचं बटणांचं हँडल, हातात घेऊन बसला. सुरुवातीला उडी मारताना स्वतःच खुर्चीतून उचलला जायचा, नवीन माणूस तसाच खेळतो. पण वावरातल्या रानडुकरांना शिव्या घालणारा तो माणूस पडद्यावरचं डुक्कर वाचवायला पोराला "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता आणि मागची पोट्टे हसून लोळत होती.

विकत घेताना एक लक्षात ठेव. दोघांत मिळून एकानंच घ्यायचा. दुसऱ्याला 'फ्रेंड्स पास' फुकट डाउनलोड करता येतो आणि दोघं आपापल्या घरून ऑनलाइन खेळू शकतात. एकाच घरी खेळणार असाल तर तेही लागत नाही, पीएस५वर दोन पॅड मात्र पाहिजेत.

तिसरा 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३'. इथं तू म्हणशील, भाऊ, डिसेंबरच्या गेम अवॉर्ड्समध्ये ज्यानं वर्षाचा सर्वोत्तम गेम धरून नऊ पुरस्कार नेले, तो तुमच्याकडं तिसरा कसा? एकट्यानं हेडफोन लावून खेळायचा असता तर पहिला दिला असता. फ्रान्समधल्या माँपेलिए गावच्या सँडफॉल या नव्या कंपनीचा हा पहिलाच गेम, गाभ्याला तीसेक माणसं. बाहेरून मदत घेतली, तरी एवढ्याशा लोकांनी इतकं मोठं काम केलं यावर विश्वास बसत नाही. संगीतकार लोरियाँ तेस्तारचाही हा पहिलाच गेम. त्याच्या चाली दुकानात गेम बंद असतानाही वाजत असतात.

सुरुवात पाहा. समुद्रापलीकडं एक प्रचंड शिळा. तिच्यावर दरवर्षी एक चित्रकार बाई एक आकडा लिहिते, आणि त्या वयाची माणसं पाकळ्या होऊन विरून जातात. आकडा दरवर्षी एकानं कमी होतो. गेम सुरू होतो तेव्हा ती ३३ लिहिणार आहे. ज्यांची वेळ भरली ते गळ्यात फुलांच्या माळा घालून बंदरावर आलेत, कोणी हसतंय, कोणी घरातलं सामान वाटून टाकतंय. इथं भाषांतर करायला लागलं नाही. गळ्यातली माळ पाहून मागचे सगळे गप्प झाले. आमच्या दुकानात इतकी शांतता फक्त परीक्षेचा निकाल लागताना असते.

लढाई आळीपाळीची, पण शत्रूचा वार येताना नेमक्या क्षणी बटण दाबलं तर तो परतवता येतो. हे मागच्यांना फार आवडलं. वार ओळखणारे तज्ज्ञ तयार झाले: "हा एकदा खोटा हात दाखवते, दुसऱ्यांदा मारते, आता... आत्ता!" पण मधे मधे लांब संवाद आहेत, आणि ते नाजूक आहेत. मनातलं दुःख माणसं अर्ध्या वाक्यात बोलतात. ते सबटायटल वाचून, तेही इंग्रजीत, गर्दीत उभं राहून पोचत नाही. पोरं गळत गेली. शेवटचा भाग मी शटर ओढून एकट्यानं खेळलो. गोष्टीच्या दोन शेवटांपैकी एक तुला निवडावा लागतो. मी कोणता निवडला ते सांगणार नाही, पण दोन्ही पाहिल्यावरही माझं मत बदललं नाही.

चौथा 'हॉलो नाइट: सिल्कसाँग'. तुझ्या कामाचा खरा हाच, म्हणून थोडं सविस्तर. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरीनं २०१९ च्या फेब्रुवारीत हा जाहीर केला आणि मग लोकांना वाट पाहायला लावली. पोळ्याच्या आदल्या दिवशी, २१ ऑगस्टला, तारीख सांगितली आणि ४ सप्टेंबरला, गणपती बसलेले असताना, आपल्या वेळेनं संध्याकाळी साडेसातला तो आला. आरती सोडून पोट्टे दुकानात. आणि स्टीम, म्हणजे पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, तेच उघडेना. जगभरातून एवढे लोक एकदम तुटून पडले, की स्टीमसकट बाकीच्या कंपन्यांची ऑनलाइन दुकानंही लडखडली. गाव-शहर सगळे एकाच रांगेत, याचं पोरांना भारी समाधान वाटलं. किंमत वीस डॉलर, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या गेमच्या तुलनेत काहीच नाही.

हॉर्नेट नावाची सुईवाली योद्धा, फारलूम नावाचं किड्यांचं राज्य. खालून सुरू करून वरच्या गडापर्यंत जायचं. सगळं हातानं काढलेलं, दोन मितींतलं. अवघड आहे, आणि चिडवणारं अवघड आहे. सुरुवातीपासूनच काही शत्रू एका फटक्यात दोन मुखवटे उडवतात (इथं जीव मुखवट्यांत मोजतात), आणि तुझ्याकडं पाचच. खाली वार करताना हॉर्नेट सरळ न जाता तिरकी जाते, याची सवय व्हायला वेळ लागतो. ओरड इतकी झाली की कंपनीनं पहिल्याच दुरुस्तीत सुरुवातीचे दोन मोठे शत्रू जरा सौम्य केले.

इथलं चलन म्हणजे मणी. मेलं की सुटे मणी जागेवर पडतात. परत तिथं पोचलास तर मिळतात, वाटेत पुन्हा मेलास तर गेले. म्हणून मणी माळेत ओवून ठेवायचे, माळ मेल्यावरही आपलीच. पण ओवणारं यंत्र ८० मणी घेतं आणि ६० ची माळ देतं. हे पाहून एक पोरगा म्हणाला, "हा तर आपला अडत्या आहे." यंत्राला आमच्याकडं तेच नाव पडलं, आणि तरी सगळे माळ ओवून घेतात, कारण खिशात सुटे ठेवून फिरायची हिंमत नाही.

ज्याला कोरं खेळायचं आहे त्यानं हा परिच्छेद सोडावा. या गेममध्ये बाकावर बसलं की जीव भरतो आणि सेव्ह होतं. हंटर्स मार्च नावाच्या भागात जीव मुठीत धरून, एक मुखवटा शिल्लक असताना, कसाबसा बाक दिसतो. आमचा गडी आनंदानं बसला, आणि बाकालाच सापळा लावलेला. जागेवर मेला. खोलीत असा ओरडा झाला की पुढच्या दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं. नंतर आठवडाभर जो नवीन पोरगा तिथवर पोचायचा, त्याच्यामागं सगळे मुकाट्यानं येऊन उभे राहायचे. कोणी बोलायचं नाही, तोंडावर हात ठेवून नुसती वाट पाहायची.

मग नंबर चौथा का? कारण एका मोठ्या शत्रूपुढं खेळणारा पंधराव्यांदा मरतो तेव्हा मागं कोणी उरत नाही. त्याला खुन्नस असते, बाकीच्यांना घरी जायचं असतं.

पाचवा 'डेस्पेलोटे'. याचं नाव तू ऐकलं नसशील. मे महिन्यात आला, दोन तासांत संपतो. इक्वेडोरची राजधानी किटो, वर्ष २००१. इक्वेडोरचा फुटबॉल संघ इतिहासात पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरायच्या बेतात आहे आणि अख्खं शहर त्या नादात. तू हुलियान, आठ वर्षांचा पोरगा. करायचं काय? आईनं सांगितलेल्या वेळेपर्यंत चौकात भटकायचं, चेंडू लाथाडायचा, मोठ्यांच्या बाटल्या फोडून पळायचं, दुकानाच्या टीव्हीत मॅच चालू असेल तर थांबून पाहायची. बस. जिंकणं नाही, गुण नाहीत. पोरं किटोत ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजात बोलतात, मोठी माणसं वर कुठंतरी आपापसात बोलत असतात आणि तुला अर्धवट ऐकू येतं. करणाऱ्यांपैकी एक हुलियान कोर्देरो, त्याचंच हे बालपण आहे. ७ नोव्हेंबर २००१ ला उरुग्वेशी १-१ अशी बरोबरी करून इक्वेडोर पात्र ठरलं. ते सगळ्या जगाला माहीत आहे, तरी गेममध्ये त्या दिवसाकडं जाताना पोटात गोळा येतो.

हा गेम लावला तेव्हा विशीतली पोरं पाच मिनिटांत कंटाळली. पण खुर्चीमागं चाळिशीतले दोघं थांबले. पाहता पाहता त्यांच्यात २००३ च्या वर्ल्डकप फायनलच्या गोष्टी निघाल्या. मॅच ऐन रंगात असताना गावची लाईट कशी गेली, मग ट्रॅक्टरच्या बॅटरीवर ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही कोणी लावला, सचिन आउट झाला तेव्हा कोण उठून वावरात निघून गेलं. गेम संपला तरी ते बोलतच होते. म्हणून पाचवा, नाहीतर दोन तासांच्या गेमला मी एवढा मान देत नाही. विकत घेण्याआधी तो कितपत लहान आहे याचा विचार कर. स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो खरा, पण असा छोटा गेम खेळून संपवून परत करणं म्हणजे जेवून ताट परत करणं झालं, ते करू नको.

सहावा 'इज धिस सीट टेकन?' हा फोनवरही खेळता येतो. बार्सिलोनाच्या छोट्या कंपनीचा, ऑगस्टमधला. बसमध्ये, सिनेमात, लग्नात माणसं बसवायची. प्रत्येकाची एक अट: मला खिडकी पाहिजे, याच्या अंगाला वास येतो, त्याच्या गाण्याचा आवाज मोठा आहे. सगळ्यांचं समाधान झालं की पुढचा टप्पा. आमच्याकडं पहिली प्रतिक्रिया आली, "रुमाल टाकून जागा धरायची सोय कुठं आहे यात?" रात्री वावरात जागलीला जाणारा एक जण हाच खेळतो, कारण बॅटरी कमी खातो आणि मचाणावरून मधेच उठून रोही हाकलायला गेलं तरी काही बिघडत नाही. माझ्या बायकोलाही एवढाच एक गेम आवडला.

सातवा 'पीक'. चौघांनी मिळून डोंगर चढायचा. भूक, थंडी, जखम, पाठीवरचं ओझं, सगळं तुझ्या दमाच्या पट्टीतूनच कापलं जातं. वरचा माणूस हात देऊन खालच्याला ओढून घेतो, आणि न दिला तर मैत्री तुटते. डोंगर रोज बदलतो. स्वस्त आहे, धमाल आहे, पण प्रत्येकाला आपापला पीसी आणि बरं नेट लागतं, म्हणून शेवटी.

'किंगडम कम: डिलिव्हरन्स २' यादीत का नाही, हे विचारायच्या आधीच सांगतो. १४०३ सालचा बोहेमिया, लोहाराचा पोरगा हेन्री. भात्यावर लोखंड तापवून घण मारायचा, धार लावायची, कपडे मळले तर लोक नीट बोलत नाहीत. मला अतोनात आवडला. पण पीसीवर १०० जीबी जागा मागतो, आणि हेन्री झाडपाला वेचत असताना खुर्चीमागं कुत्रंही थांबत नाही. 'हेडीस २' सप्टेंबरात पूर्ण झाला, उत्तम आहे, पण पहिला ज्यानं मनापासून खेळला त्याला नवीन सांगण्यासारखं मला फार सापडलं नाही. 'बॅटलफील्ड ६' साठी पोरं जुने पीसी घेऊन आली. तो सिक्युअर बूट, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच तपासणी करणारी सोय, चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुळाच्या सेटिंगमध्ये, जाऊन काहींचं करून दिलं, काहींचे बोर्डच एवढे जुने की हात जोडले. आणि जीटीए ६ चं रोज विचारतात. १९ नोव्हेंबर २०२६ अशी तारीख दिलेली आहे. ती आधी एकदा नव्हे, दोनदा पुढं गेली आहे, म्हणून अॅडव्हान्स बुकिंग माझ्याकडं मागू नका.

आता तुझ्या कॉम्प्युटरचं. तू लिहिलं आहेस की चौथ्या पिढीचा आय३, आठ जीबी रॅम आणि एक जुनं दोन जीबीचं कार्ड. 'एक्सपिडिशन ३३' आणि 'स्प्लिट फिक्शन' विसर, ते दुकानात येऊन खेळ. 'डेस्पेलोटे' आणि 'इज धिस सीट टेकन?' बहुधा चालतील. 'ब्लू प्रिन्स' सगळी सेटिंग खाली ओढून चालला तर रडतखडत चालेल, मारामारी नसल्यामुळं अडखळला तरी निभतं. 'सिल्कसाँग' मात्र अशाच यंत्रावर मजेत चालतो, माझ्याकडचा सगळ्यात जुना डेस्कटॉप त्याचसाठी राखून ठेवला आहे. साधी हार्डडिस्क असेल तर गेमच्या आधी एसएसडी टाक, फरक त्यानंच पडेल. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आणि तुझा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही, म्हणून अनोळखी साइटवरून क्रॅक, म्हणजे गेमची चोरीची प्रत, उतरवणं आता जास्तच महागात पडेल. क्रॅक टाकून बँकेचा पासवर्ड गेलेली यंत्रं दुरुस्तीला येतात, गेम मात्र त्यात चालत नसतो.

गावात नेट कमी पडतं हे माहीत आहे. स्टीमचं अकाउंट उघडून गेम विकत घे आणि येताना सीपीयू दुकानात घेऊन ये. माझ्याकडच्या यंत्रावरून तुझ्या यंत्रावर, दुकानातल्या एकाच नेटवर्कवर, फाइली थेट घेता येतात, स्टीममध्येच तशी सोय आहे, पुन्हा डाउनलोड करायला लागत नाही. पॅड नसेल तर कीबोर्डवर सिल्कसाँग सुरू करू नको. आणि सोमवारी येऊ नको, बाजार असतो, मला मान वर करायला वेळ नसतो.